मधुमालती गच्चीवर फुलते, खिडकीपाशी का नाही?

एका वाचकभगिनींचे पत्र आले आहे. सहा वर्षांपूर्वी त्यांनी घराच्या भिंतीला अगदी लागून, खिडकीशेजारी मधुमालतीचे रोप लावले. आज ती वेल गच्चीवर पोहोचली आहे आणि फुलांचे सगळे झुबके तिथेच लागतात. खिडकीच्या उंचीला मात्र करड्या, उघड्या फांद्यांखेरीज काही दिसत नाही. पावसाचे पाणी उतरवणाऱ्या नळाला वेलीने विळखा घातला आहे आणि भोवतीच्या मातीतून सतत नवे फुटवे डोके वर काढत असतात. माळी महिन्या-दीड महिन्याने येतात आणि हात पोहोचेल तिथपर्यंतचा भाग मोठ्या कात्रीने सपाट करून जातात. आता वेल जमिनीलगत तोडून टाकावी असे एक जण सांगतो, तर फुलत्या वेलीला कात्री लावूच नये असे दुसरा. खिडकीवरचा आडोसा एकदम जाऊ नये अशी त्यांची इच्छा आहे. शिवाय मागच्या अंगणात मांडव घालून त्यावर दुसरी मधुमालती चढवण्याचाही त्यांचा विचार आहे. छाटणी केव्हा, किती आणि कशी करावी, आणि नवी वेल लावताना काय पाळावे, असे त्यांनी विचारले आहे.

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातले सर्वांत उपयोगाचे वाक्य आपण जाता जाता लिहिले आहे, ते म्हणजे माळ्यांच्या कात्रीविषयीचे. मधुमालतीला फुले येतात ती त्याच हंगामात फुटलेल्या कोवळ्या फांद्यांच्या टोकांना. दर महिन्या-दीड महिन्याने जो भाग सपाट केला जातो, तिथली टोके कळी धरण्याच्या आतच कापली जातात. त्यातून पुन्हा फूट येते आणि तीही कळीपर्यंत पोहोचण्यापूर्वी छाटली जाते. कात्री जिथपर्यंत पोहोचत नाही, तिथेच वेलीला फुलायला उसंत मिळते, आणि आपल्याकडे ती जागा गच्ची आहे. त्यामुळे पहिला उपाय फुकटचा आहे : कुंपणाची कडा राखावी तशी ही महिनेवारी सपाट कातरणी आजपासून बंद करावी.

दुसरे कारण वेलीच्या स्वभावात आहे. सरळ वर जाणाऱ्या फांदीच्या शेंड्यात ऑक्झिन नावाचे संजीवक तयार होते, ते फांदीतून खाली उतरत राहते आणि खालच्या पेरांवरचे डोळे निद्रिस्त ठेवते. शेंडा जितका उंच आणि मोकळा, तितकी वाढ वर वर सरकत जाते. त्यात वरचा पाला दाट झाला की खाली ऊन पोहोचत नाही, खालची पाने गळतात आणि फांद्या उघड्या पडतात. ही वेल काही रोगट झालेली नाही. तिला कोणी आडवे जायला शिकवले नाही, एवढेच झाले आहे. फांदी आडवी किंवा तिरकी बांधली की शेंड्याचे हे वर्चस्व ढिले पडते, तिच्या लांबीभर अनेक डोळे फुटतात, आणि त्या प्रत्येक बाजूफांदीच्या टोकाला झुबका येऊ शकतो. म्हणून मधुमालतीच्या बाबतीत किती कापायचे याआधी फुले कोणत्या उंचीला हवी आहेत हे ठरवावे, त्या उंचीवर फांद्या आडव्या बांधाव्यात आणि त्यातून जे उरेल ते कापावे. बहुतेक घरांत नेमका उलटा क्रम चालतो.

ही उंची ठरवताना वेलीचा दिनक्रमही लक्षात घ्यावा. तिची कळी तिन्हीसांजेला उमलते, तेव्हा फूल पांढरे असते आणि वास सर्वांत अधिक असतो. पुढच्या एक-दोन दिवसांत ते गुलाबी होत होत लाल होते. पांढरी, सुवासिक फुले लांब सोंडेच्या निशाचर पतंगांना बोलावतात आणि रंगलेल्या फुलांवर दिवसा मधमाश्या व फुलपाखरे येतात. संध्याकाळचा सुवास घरात यावा अशी अपेक्षा असेल, तर झुबके खिडकीच्या चौकटीच्या आसपास हवेत. गच्चीवरच्या फुलांचा वास गच्चीवरच राहतो.

छाटणीला हात घालण्यापूर्वी आपली वेल खरोखर मधुमालतीच आहे याची खात्री करावी, कारण बोलण्यात मधुमालती आणि माधवीलता यांची सर्रास अदलाबदल होते. मधुमालतीचे शास्त्रीय नाव काँब्रेटम इंडिकम असे आहे. जुन्या पुस्तकांत आणि अजूनही काही रोपवाटिकांच्या पाट्यांवर ते क्विस्क्वालिस इंडिका असे आढळते. तिच्या फुलाला बोटभर लांब, बारीक नळी असते आणि एकाच झुबक्यात पांढऱ्यापासून लालपर्यंतचे रंग दिसतात. माधवीलतेची फुले झालरीच्या कडांची, पांढरट असून त्यांतल्या एका पाकळीवर पिवळा डाग असतो आणि तिच्या फळाला तीन पंख असतात. माधवी थंडीच्या अखेरीस व वसंतात फुलते, म्हणून तिची छाटणी बहर संपल्यावर करायची असते. निळ्या-जांभळ्या फुलांच्या पेट्रिया या वेलीचेही तसेच. आपण वर्णन केलेले लाल-पांढरे झुबके मधुमालतीचेच दिसतात, तेव्हा पुढचे सर्व तिच्याविषयी आहे.

मोठी छाटणी वर्षातून एकदाच, कडाक्याची थंडी ओसरल्यावर आणि नवी पालवी फुटण्याच्या दोन-तीन आठवडे आधी करावी. जिथे थंडी अशी नसतेच, तिथे बहर संपून वाढ सर्वांत मंदावलेली असते तो काळ निवडावा. या वेळी कापल्याने त्या वर्षीची फुले बुडत नाहीत, कारण ती ज्या फांद्यांवर यायची त्या अजून जन्मालाच आलेल्या नसतात. फुलत्या वेलीला कात्री लावू नये हा सल्ला बहरापुरता ठीक आहे. वर्षभर पाळला तर आपल्यासमोर आज आहे तीच स्थिती होते. संततधार पावसात मोठे काप घेऊ नयेत, कारण ते ओलेच राहून कुजू शकतात. भर उन्हाळ्यातही एकदम सगळा पाला उतरवू नये, कारण सावलीत वाढलेली साल अचानक उघडी पडली की भाजते.

आता किती, हा प्रश्न. जमिनीलगत तोडण्याचा सल्ला देणाऱ्यांचे अगदीच चुकते असे नाही. मधुमालती अतिशय चिवट आहे आणि निरोगी, मुरलेली वेल खोलवर छाटली तरी पुन्हा फुटते. परंतु आपल्याला आडोसा हवा आहे, आणि सहा वर्षांच्या मुळांवरून एकाच वेळी सगळा डोलारा उतरवला की पुढच्या काही महिन्यांत इतके फुटवे उसळतात की ते वेळच्या वेळी आवरले नाहीत तर वर्षभरात पुन्हा तेच जंजाळ उभे राहते. म्हणून मी आपल्याला दोन वर्षांत विभागलेली छाटणी सुचवतो.

पहिल्या वर्षी बुंध्याशी बसून जमिनीतून किती खोडे वर गेली आहेत ते आधी नीट पाहावे. वाळलेली, एकमेकांवर घासून जखमी झालेली आणि अगदी बारीक खोडे मुळाशी काढून टाकावीत. नळाला विळखा घातलेले खोड कितीही जोमदार असले तरी त्याची गय करू नये. पावसात भिजलेल्या पाल्याचे वजन त्या नळाला पेलण्यासारखे नसते आणि सांध्यांत शिरलेले कोवळे शेंडे जाड होत होत सांधे उकलतात. उरलेल्या चांगल्या खोडांपैकी निम्मी जमिनीपासून दीड-दोन फुटांवर कापावीत. बाकीची निम्मी आडोशासाठी ठेवावीत, मात्र त्यांचा गच्चीवर गेलेला भाग खिडकीच्या वरच्या चौकटीच्या उंचीला तोडावा. कापलेल्या खुंटांवर काही आठवड्यांत पुष्कळ फुटवे येतील. प्रत्येक खुंटावर दोन किंवा तीन जोमदार, वेगवेगळ्या दिशांना जाणारे फुटवे ठेवून बाकीचे कोवळे असतानाच बोटाने मोडून काढावेत. पुढच्या वर्षी याच काळात राखून ठेवलेल्या जुन्या खोडांची पाळी येईल. तोवर नव्या फुटव्यांनी खिडकीभोवतीची जागा धरलेली असेल. अशा रीतीने शेवटी चार-पाच मुख्य फांद्यांचा सांगाडा उरावा. खिडकीएवढ्या भिंतीला याहून अधिक खोडांची गरज पडत नाही.

कापण्याच्या रीतीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण बरेचसे नुकसान इथे होते. गच्चीवरचा गुंता ओढून काढण्याचा मोह टाळावा. मधुमालतीची पाने गळताना देठाचा बुडखा फांदीवरच राहतो आणि कडक होऊन काट्यासारखा बनतो. याच आकड्यांनी ती आधाराला धरून चढते, आणि ओढताना तेच जाळीला, कपड्यांना आणि कातडीला धरतात. पूर्ण बाह्यांचा सदरा, जाड हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. काढायचे खोड खाली कापावे आणि चार-पाच दिवस तसेच सोडून द्यावे. त्या खोडाचा पाला वर कोमेजतो, त्यामुळे गुंत्यातला कोणता भाग त्याचा आणि कोणता राखायच्या खोडांचा, हे लांबूनही स्पष्ट दिसते. मग हात-हातभर लांबीचे तुकडे करत तो भाग सोडवून घ्यावा. वेलीत विजेची तार गेली असेल तर वीजपुरवठा बंद झाल्याशिवाय कोणीही कात्री लावू नये. दाट वेलीत पक्ष्यांची घरटी असतात. अंडी किंवा पिल्ले दिसली तर तेवढा भाग पिल्ले उडून जाईपर्यंत राहू द्यावा. थोडा उशीर झाल्याने वेलीचे काही बिघडत नाही.

बोटाएवढ्या फांदीसाठी धारदार छाटणीची कात्री पुरते, त्याहून जाड खोडाला बारीक दातांची करवत घ्यावी. वजनदार खोड कापताना आधी खालच्या बाजूने थोडी खाच घ्यावी आणि मग वरून कापावे, म्हणजे ते तुटून पडताना सालीची लांब पट्टी सोलून नेत नाही. गुलाबासारख्या झाडांत डोळे एकाआड एक असतात म्हणून तिरका काप घ्यायचा असतो. मधुमालतीची पाने, आणि म्हणून डोळेही, बहुधा समोरासमोर जोडीने असतात. तिथे तिरका काप घेतल्यास जोडीतला एक डोळा दुखावतो. पेराच्या वर अर्धा-पाऊण सेंटिमीटर सोडून सरळ काप घ्यावा. पाती एका वेलीवरून दुसरीवर जाताना स्पिरिटने पुसावीत. कापावर रंग, मेण किंवा लेप लावण्याची गरज नसते. निरोगी वेल जखम स्वतःच बंद करते.

सांगाडा बांधण्यासाठी भिंतीवर मजबूत जाळी बसवावी, पण भिंतीला चिकटवून नव्हे. मध्ये 10 ते 15 सेंटिमीटरची फट ठेवली तर हवा खेळते, भिंत ओल धरत नाही आणि बांधण्यासाठी मागून हात घालता येतो. नवे फुटवे हिरवे व लवचीक असतानाच वळवून घ्यावेत, कारण ते लाकडासारखे झाले की वाकवताना मोडतात. पंख्याच्या काड्यांप्रमाणे ते दोन्ही बाजूंना तिरके पसरवावेत आणि खिडकीच्या खालच्या व वरच्या कडेने जवळजवळ आडवे न्यावेत. बांधायला सुती कापडाच्या पट्ट्या किंवा काथ्या घ्यावा आणि फांदी व जाळी यांच्यामध्ये इंग्रजी आठच्या आकड्यासारखा सैल वेढा द्यावा. तार अजिबात वापरू नये. फांदी जाड होत जाते, तार तशीच राहते आणि सालीत रुतून वरच्या भागाचा अन्नरस तोडते. पट्ट्यासुद्धा वर्षातून दोनदा तपासून सैल कराव्यात.

सांगाडा एकदा जमला की दर वर्षीचे काम हलके आहे. थंडीच्या शेवटी मुख्य फांद्यांवरच्या गेल्या वर्षीच्या बाजूफांद्या दोन-तीन पेरे ठेवून कापायच्या. हंगामात एखादा झुबका पूर्ण फुलून झाला, त्यातले शेवटचे फूल गळले, की ती फांदी टोकापासून दोन-तीन पेरे खाली छाटायची. खालच्या पेरांतून नवी फूट येते आणि त्याच हंगामात पुन्हा फुलू शकते. झुबक्यात काही फुले लाल होऊन मलूल दिसू लागली म्हणून घाई करू नये, कारण त्याच झुबक्यात अजून न उमललेल्या कळ्या असतात. आपल्या माळ्यांना हे समजावून सांगावे लागेल. सपाट कातरणी एका तासात होते आणि काम झालेले दिसते. फांदी-फांदी पाहून कापण्यात वेळ जातो आणि जाताना वेल काहीशी विस्कटलेलीच दिसते. ती तशी दिसली पाहिजे.

जमिनीतून येणारे फुटवे मुळांवरून निघतात. ते वरच्या वर कापले की त्याच जागी आणखी दाट येतात. माती उकरून फुटवा मुळाला जिथे जोडलेला आहे तिथपर्यंत जावे आणि तो तिथून उपटून किंवा धारदार हत्याराने खरवडून काढावा. मोठ्या छाटणीनंतरच्या हंगामात ते अधिक येतील, कारण मुळांनी साठवलेले अन्न वाट शोधत असते. त्या वर्षी लक्ष ठेवले तर पुढे त्रास कमी होतो. बुंध्याभोवती खोल खणू मात्र नये, कारण दुखावलेल्या मुळांवर फुटवे अधिक येतात.

एखादा चांगला फुटवा स्वतःच्या मुळांसह अलगद सुटून आला, तर तेच मांडवासाठी आपले नवे रोप. तसा न मिळाल्यास एक लवचीक फांदी जमिनीकडे वाकवून तिच्या एका पेराखालची साल किंचित खरवडावी, ते पेर मातीत दाबून वर दगड ठेवावा आणि माती ओली ठेवावी. दाब कलमाला मुळे धरली की ते मूळ वेलीपासून तोडून लावता येते. बियांची वाट पाहण्यात अर्थ नाही; बागेतल्या मधुमालतीला फळे क्वचितच धरतात.

मांडवाच्या जागेबाबत एका गोष्टीत तडजोड करू नये, ती म्हणजे ऊन. दिवसाकाठी पाच-सहा तास थेट ऊन नसेल तर वेल वाढेल, हिरवीगार होईल आणि फुलांच्या बाबतीत हात आखडता घेईल. ऊन फक्त मांडवाच्या माथ्यावर पडते आणि बुंधा सावलीत असतो, असे असले तरी चालते.

पहिल्या वेळी रोप भिंतीला लागून लावले गेले, तसे या वेळी खांबाच्या किंवा भिंतीच्या पायाशी लावू नये. तिथली माती बहुधा दगड-विटांच्या चुऱ्याने भरलेली असते, पावसाचे पाणीही तिथे कमी पोहोचते, आणि खोड जाड झाल्यावर त्याला जागा उरत नाही. दीड फूट अंतर ठेवून लांबी, रुंदी व खोली प्रत्येकी दोन फुटांचा खड्डा घ्यावा. निघालेल्या मातीत साधारण एक तृतीयांश पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत मिसळून तीच परत भरावी. पाणी साचणारी जमीन असेल तर खड्ड्याच्या तळाशी खडी घालून भागत नाही, पाणी तिथेही साचते. त्याऐवजी रोप थोड्या उंचवट्यावर लावावे. कुंडीत रोप जितके खोल होते तितकेच खोल ठेवावे आणि खांबाकडे किंचित कलते लावावे. भोवती आळे करून भरपूर पाणी द्यावे आणि वाळल्या पाल्याचे आच्छादन घालावे, फक्त ते खोडाला टेकू देऊ नये. पहिले वर्षभर माती दोन बोटे खोल कोरडी झाली की पाणी द्यावे. पुढे मुळे खोल गेल्यावर आठवड्यातून एकदा, पण मनसोक्त दिलेले पाणी, रोजच्या शिंपडण्यापेक्षा चांगले.

लावल्यावर पहिले काही महिने रोप झुडपासारखे वाढेल आणि चढण्याची काही चिन्हे दाखवणार नाही. रोपवाटिकेने दुसरेच झाड दिले की काय, अशी शंका पुष्कळांना येते आणि काही जण ते उपटूनही टाकतात. मधुमालतीचे बालपण असेच असते. लांब, झपाट्याने वाढणाऱ्या फांद्या नंतर निघतात. त्या दिसल्या की त्यांतल्या दोन निवडून खांबाला बांधत वर न्याव्यात आणि बाकीच्या काढाव्यात. त्या मांडवाच्या माथ्यावर पोहोचल्या की शेंडे खुडावेत, म्हणजे तिथून फांद्या चहूकडे पसरतील. मांडव किमान साडेसात फूट उंच असावा, कारण झुबके खाली लोंबतात. खांब दोन फूट तरी जमिनीत गाडलेले आणि लोखंडी किंवा भक्कम लाकडाचे असावेत. बांबूचा मांडव दोन-तीन वर्षांत वेलीच्या वजनाखाली बसतो आणि तो बदलण्यासाठी तोवर अख्खी वेल कापावी लागते. माथ्यावरचा पाला दर वर्षी विरळ करावा. नाहीतर गच्चीवरचीच गोष्ट इथेही घडेल आणि फुले मांडवाच्या वर, आकाशाकडे तोंड करून येतील.

एका मांडवाला एकच वेल पुरते. चारही खांबांना चार वेली लावण्याचा उत्साह पहिल्या वर्षी बरा दिसतो, पण नंतर कोणत्या फांदीचे मूळ कुठे आहे हे ओळखणेच अशक्य होते आणि छाटणी सोडून द्यावी लागते. दोन लावायच्याच असतील तर त्यांच्यात दहा फुटांचे अंतर हवे.

खताच्या बाबतीत हात आखडता असलेलाच बरा. नत्र अधिक झाले की वेल पाने आणि लांबी यांवरच खर्च करते, म्हणून हिरवळीसाठी वापरायचे खत वेलीच्या आळ्यात जाऊ देऊ नये. छाटणीनंतर दोन घमेली शेणखत आणि बहर सुरू होण्याच्या सुमारास एक ओंजळ हाडांचा चुरा एवढे मुरलेल्या वेलीला पुरे. जुन्या वेलीला या वर्षी मोठी छाटणी होणार असल्याने तिला वेगळे काही देऊ नये. तिच्या मुळांची ताकद पाल्याच्या मानाने आधीच जास्त असेल, आणि वर खत मिळाले तर आपल्याला नको तितके फुटवे येतील.

पहिल्या छाटणीनंतर बहर नेहमीपेक्षा दीड-दोन महिने उशिरा सुरू होण्याची शक्यता आहे, कारण नव्या फांद्यांना तेवढी लांबी गाठावी लागते. त्या काळात खिडकीपाशी फूल दिसले नाही म्हणून पुन्हा कात्री मागवू नये. फुटव्यांची बांधणी मात्र दर पंधरा दिवसांनी पाहावी, कारण त्या हंगामात एक फुटवा दुर्लक्षित राहिला तरी तो नळाच्या वाटेने गच्ची गाठेल.